टोलीचा पाट: सोडला

मी कमी बोलते. सासरी, कामावर, माहेरी, सगळीकडे माझी हीच ख्याती आहे, आणि लोक तो गुण समजतात. तो गुण नाही. मागच्या आश्विनात मी भर सभेत एक वाक्य बोलले, ते वाक्य खरं होतं, आणि तरी त्या एका वाक्याने माझ्या भावाच्या हातातली चावी गेली. दुसऱ्या दिवशी मी सगळं उघड सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. आता लिहिते आहे ते माफीसाठी नाही. माफी मी तलावाच्या पाळीवर उभी राहून मागितली होती. तेव्हा जे हसले त्यांच्यासाठी हे आहे, आणि जे अजूनही फोनवर मला म्हणतात, "मॅडम, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात," त्यांच्यासाठीही.

आमचं गाव पवनी तालुक्यात, अड्याळचा बाजार जवळचा. गावाला तलाव आहे आणि तलावाच्या पाण्यावर धान. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून पाणी बाहेर काढायची जी वाट असते तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. आमच्या तलावाला असे तीन तुडुम, आणि प्रत्येकातून एकेक पाट निघतो. वरचा पाट गावातल्या जुन्या घरांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, जातो, मधला त्याच्या खालच्यांना, आणि शेवटचा, सगळ्यांत लांबचा, टोलीला. टोली म्हणजे पाळीपासून दूर वसलेली वस्ती. नावाला ती आमच्याच गावात आहे, पण शाळा, दुकान, दवाखाना सगळं इकडे.

तुडुमाची दारं लोखंडी चावीने फिरवावी लागतात. हातभर लांब, गंजून काळी पडलेली. ती आजोबांकडे होती, मग बाबांकडे, मग दादाकडे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ज्याच्याकडे चावी तो गावाचा पाणकर, पाळीपाळीने पाणी सोडणारा. दादा पाळीवरून चालत जायचा, तुडुम फिरवायचा आणि तिथूनच हाळी द्यायचा, "पाट सोडला होऽ!" लहानपणी मला वाटायचं, गावात पाणी त्या हाळीनेच येतं.

त्याचे गुडघे दुखायला लागले, आणि मी, नागपूरच्या एका छोट्या कंपनीत तलावांवर लक्ष ठेवणारी यंत्रं बनवणारी त्याची शिकलेली बहीण, त्याच्यासाठी पाटी घेऊन आले. कोणी मागितली नव्हती. मीच साहेबांच्या मागे लागून आमच्या गावाचं नाव यादीत घालून घेतलं. प्रत्येक तुडुमावर एक छोटं यंत्र बसवलं, त्यात मोबाइलचं कार्ड. पाणी वापर संस्थेच्या खोलीत लोखंडी कपाटात एक संगणक, आणि खोलीच्या भिंतीवर बाहेरून मोठी लाल अक्षरांची पाटी. वरचा पाट: बंद. मधला पाट: बंद. टोलीचा पाट: चालू. अध्यक्षांनी पाटी पाहायची, ज्याची पाळी त्याचं पाणी सोडायला दादाला सांगायचं, दादाने फक्त तेव्हाच जायचं. फेऱ्या वाचल्या. दादा पहिल्या दिवशी पाटीखाली उभा राहून म्हणाला, "बरं झालं. पण चालू म्हणजे का? पंखा हाये का तो?"

मी हसले होते.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण चूक तिथे आहे आणि ती माझी आहे. कपाटातल्या त्या संगणकात बरेच प्रोग्राम चालतात. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही प्रत्येकाला वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवतो. वहिनीने विचारलं तेव्हा मी तिला शिदोरीचे डबे म्हणून समजावलं होतं, भाजीचा रस भाकरीला लागू नये म्हणून वेगळे. असा डबा उघडला की संगणक त्याच्यासाठी एक तार तयार करतो. हात लावता येईल अशी ती तार नसते. संगणकाने मानून घेतलेली, डब्यापासून त्याच्यापर्यंतची जोडणी. तिचं नाव मांजर कळफलकावरून चालत गेल्यासारखं असतं. डबा बंद झाला की तार गेली.

प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो. पत्त्याचे दोन प्रकार. जुना आखूड, चार आकड्यांचा, आणि नवा लांबलचक. खऱ्या जोडण्यांना बहुधा जुना पत्ता असतोच. या मानलेल्या तारांना पुष्कळदा नसतो. त्यांना मिळालाच तर असा एक पत्ता मिळतो जो त्यांच्या स्वतःच्या बोळापुरताच चालतो, बाहेर कोणी ओळखत नाही.

माझा प्रोग्राम डब्यांच्या आधीचा होता. तो उठल्याउठल्या संगणकातल्या प्रत्येक जोडणीला विचारायचा, तुझा जुना पत्ता काय? आहे का, हे नाही विचारायचा. सरळ काय आहे ते विचारायचा. पोळ्याच्या सुमारास आम्ही संगणकात डबे आणले, मानलेल्या तारा जन्मल्या, प्रोग्रामने त्यातल्या पहिलीला पत्ता विचारला, तिच्याकडे नव्हता, आणि त्याने जागीच मान टाकली. पाटी काळी.

नेमके तेव्हाच दुसऱ्या जिल्ह्यातले पाहुणे आमची पाटी पाहायला येणार होते. साहेबांचा फोन आला. "काहीही करा, पाटी पेटवा."

मी केलं. ज्या जोडणीला जुना पत्ता नाही तिला मानलेली समज आणि पुढे जा, असं लिहिलं. खरं तर दोन वेगळ्या गोष्टी विचारायला हव्या होत्या: तू मानलेली आहेस का, आणि तुझ्याकडे दुसऱ्या प्रकारचा पत्ता आहे का. मी एकच विचारली. पत्ता नाही, म्हणजे तू नाहीस. आणि कोणत्या जोडण्या गाळल्या ते मला कळावं म्हणून प्रोग्रामला एक शब्द उमटवायला सांगितला. गाळला, वगळला असं काहीही लिहिता आलं असतं. मी घाईत लिहिलं, सोडला.

हा शब्द माझ्यासाठी होता. पण प्रोग्राम ज्या ओळीच्या सुरुवातीला पाटाचं नाव ठेवतो ती ओळ पाटीवर जाते, हे मीच कधीतरी ठरवलं होतं आणि विसरले होते. मानलेल्या तारांची नावं भलतीच, त्यामुळे त्या पाटीवर दिसल्या नाहीत. पाहुणे आले, पोहे खाल्ले, पाटीसोबत फोटो काढून गेले.

पुढे, टोलीची पाळी यायच्या तोंडावर, तिथल्या तुडुमावर सिग्नल मिळेना म्हणून यंत्रात दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं गेलं. त्या कार्डाने जुना पत्ता दिलाच नाही, फक्त नवा दिला. माझ्या प्रोग्रामने टोलीच्या पाटाला विचारलं, जुना पत्ता काय? नाही? मग तू नाहीस. लोखंडाचं दार, मातीचा पाट, त्याच्या टोकाला माणसांची वस्ती, सगळं त्याने मानलेल्या तारांत जमा केलं. आणि भिंतीवर उमटलं:

टोलीचा पाट: सोडला.

आमच्याकडे पाट चालू होत नाही. पाट सोडतात. त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. उलट चहाच्या टपरीवर म्हणे चर्चा झाली, "आता कुठी मराठीत बोलाले लागली पाटी." ही मराठी माझी होती. मी ती उच्चारली "वगळला" म्हणून, गावाने ऐकली "पाणी दिलं" म्हणून.

पाऊस ओढून धरला होता. धान गर्भात होता, म्हणजे लोंबी पोटात धरलेली, बाहेर पडायची बाकी. या वेळी पाणी चुकलं तर लोंबी येते, पण आत दाणा भरत नाही. वरच्या पाटाची पाळी झाली, मधल्याची झाली, टोलीची आली. दादा तेव्हा लेकीकडे आंधळगावला गेला होता, नातवाच्या बारशाला. अध्यक्षांनी पाटी पाहिली. सोडला. त्यांना वाटलं, जायच्या आधीच सोडून गेला वाटते, जबाबदार माणूस. दादा परत आला, त्यानेही पाटी पाहिली. सोडला. त्याला वाटलं, संस्थेकडे दुसरी चावी आहे, तिने अध्यक्षांनी सोडवला असेल. दोघांनीही पाटीवर विश्वास ठेवला. मी त्यांना तेच शिकवलं होतं.

टोलीवरून निरोप आला, पाट कोरडा आहे. गावाने सांगितलं, येते येते, पाट लांब हाये, माती पेते. पुन्हा निरोप, पुन्हा तेच उत्तर. शेवटी टोलीची माणसं स्वतः पाळीवर आली आणि पाहतात तर तुडुम बंद.

पाटी म्हणते सोडला. तुडुम आहे बंद. मग मधे बंद कोणी केला? आणि सोडलेलं पाणी कुठे गेलं? टोलीच्या पाटाच्या वाटेवर वांग्याच्या वाड्या आहेत. दोन आणि दोन जोडायला गावाला वेळ लागला नाही. पाणकराने पाणी वाडीवाल्यांना विकलं.

मी दसऱ्याला माहेरी आले तेव्हा हा आळ कानावर आला. सोनं वाटून झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाताना संस्थेच्या खोलीवरून गेले आणि पाटी वाचली. उभ्या जागी कळलं, तो माझाच शब्द होता. दुकानात काय आणायला निघाले होते ते विसरले. आडोशाला जाऊन साहेबांना फोन लावला.

"कोणाला सांगितलं का?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"मग सांगू नका. नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणा. आसगावकडच्या तलावांचं काम याच महिन्यात मिळून राहिलं, मॅडम. आपला शब्द चुकला म्हणालात तर झालं मग. मी आत्ता इथूनच दुरुस्त करायला लावतो."

"दुरुस्त करू नका," मी म्हणाले. का म्हणाले ते तेव्हा मलाही कळलं नाही. एवढंच वाटलं, की पुरावा आहे तो राहू द्या. पण तो पुरावा त्या दिवशी मी वापरला नाही.

दुपारी सभा झाली, संस्थेच्या खोलीत. अध्यक्ष नात्याने काका लागतात. टोलीवरून एक म्हातारी बाई आली होती, सगळे तिला आजी म्हणतात. तिने ओच्यातून धानाच्या लोंब्या काढून टेबलावर ठेवल्या. "चावून पाहा," ती म्हणाली. कोणी चावल्या नाहीत.

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुह्याच कंपनीची पाटी हाये. पाटी बरोबर हाये ना?"

खोली माझ्याकडे पाहत होती. दादाही.

मी म्हणाले, "मशीन तर चालू आहे."

ते वाक्य हे. त्यात खोटं काही नाही. मशीन चालूच होती. मी अशी वाक्यं फार चांगली बोलते. कमी बोलणाऱ्याला ती जमतात.

दादाने कमरेची चावी काढून टेबलावर, त्या लोंब्यांच्या शेजारी ठेवली. आवाज झाला. तो बाहेर गेला तेव्हा कोणी त्याला वाट दिली नाही आणि कोणी अडवलंही नाही.

दिवेलागणीला वहिनीने ताटं वाढली. दादा हात धुवून बसला आणि तसाच बसून राहिला. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुमच्या पाटीनं आमच्या घरातली चावी खाल्ली जी." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते सोसलं नाही. मी सगळं सांगितलं. डबे, मानलेल्या तारा, पत्ते, माझा शब्द, साहेबांचा फोन. खूप वर्षांत मी त्या घरात एवढं बोलले नव्हते.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले सांगून का फायदा? मी नाही विकलं, हे मले ठाऊकच हाये. त्याइले सांग."

सकाळी मी पाळीवर गेले. टोलीची माणसं संस्थेच्या चावीने आपला तुडुम उघडून पाणी सोडत होती, अध्यक्षकाका होते, आणि गावातले बरेच. दादा माझ्या मागे जरा अंतर ठेवून आला होता. मी उभी राहिले आणि सांगितलं. चूक माझी आहे. पाट कधी सुटलाच नव्हता. पाटीवरचा सोडला म्हणजे पाणी सोडलं असं नव्हतं, म्हणजे मी त्याला गाळलं होतं. काल तुम्ही विचारलं तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही. माफ करा.

मला वाटलं होतं, लोक मला शिव्या देतील. त्याची तयारी होती. पण ते हसले.

"वा वो बाई," वाडीवाल्यांपैकी एक म्हणाला, "भाऊबीज जवळ आली वाटते!"

"रातभर बसून चांगलं बनवलं," दुसरा म्हणाला.

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, भावाचा जीव तुटते तं बहिणीनं बोलावंच. पण नसलेली तार, नसलेला पत्ता, हे का बोलून राहिली तू? यंत्र का झूठ बोलते? माणूस बोलते."

"यंत्र नाही बोललं, काका. मी बोलले."

"काल तं नाही बोलली."

काल नाही बोलले म्हणून आजचं खोटं. माझा मान एवढी वर्षं ज्या गप्प बसण्यावर उभा होता, त्याचीच किंमत मला तिथे कळली. तोंड उघडलं तेव्हा माझा शब्द कोणी घेईना.

टोलीची आजी पाटाच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, "पत्ता नाही म्हणजे कसा नाही वो? मले समजू दे."

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "आजी, तुमच्या टोलीचा पत्ता कसा लिहितात?"

"मुक्काम टोली, पोस्ट तुमचं गाव."

"का बरं?"

"आमच्यात कुठी पोस्ट हाये? तुमच्या पोस्टातच येते, आणि तेथीच पडून राह्यते."

"तसंच झालं. तुमच्या पाटाला मुक्काम होता, पोस्ट नव्हतं. मी लिहून ठेवलं होतं, की ज्याला पोस्ट नाही ते गावच नाही."

आजीने माझ्याकडे नीट पाहिलं. "असं लिवाले तुले लाज नाही वाटली?"

"तेव्हा नाही वाटली."

"आणि आता?"

"आता वाटते. पण चावी दादाला परत द्या. लाज माझ्याकडे राहू द्या."

"गोड बोलते," आजी इतरांना म्हणाली. "पण बोलणंच हाये. दाखवशीन का?"

"दाखवते," मी म्हणाले.

आणि तिथेच अडकले, कारण टोलीचा तुडुम आता खरोखर उघडा होता. काकांनी लगेच संस्थेच्या खोलीत बसलेल्या सचिवांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावा असा. "पाटीवर का लिवून हाये गा?"

"टोलीचा पाट: सोडला," सचिव वाचून म्हणाले.

"आं! बरोबरच तं हाये!" काकांनी हात पसरले. पाळीवर पुन्हा हशा. माझी खोटी पाटी नेमकी त्याच सकाळी खरी झाली होती.

तेव्हा मला राग आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अपराधी माणसाने रागवू नये असं मला लहानपणापासून वाटत आलं. त्या सकाळी मी अपराधी होते आणि रागावलेही होते, आणि दोन्ही एका अंगात मावलं.

"काका," मी म्हणाले, "वरचा पाट आता बंद आहे ना?"

"बंदच हाये. आमची पाळी केव्हाच झाली."

"चला तिथे."

वरच्या पाटाच्या बांध्या काकांच्या. सगळे माझ्या मागे चालत आले, गंमत पाहायला का होईना. तुडुमाचं दार घट्ट बंद, त्याच्या खोबणीत कोळ्याने जाळं विणलेलं, पाटात वाळलेली पानं. मी सगळ्यांना ते पाहायला लावलं. वाकून पाहा म्हणाले, हात लावून पाहा. मग तुडुमावरच्या यंत्राची पेटी उघडली आणि आतलं कार्ड काढलं.

"आता तुमच्या फोनातलं कार्ड द्या," मी काकांना म्हणाले. त्यांच्या फोनात टोलीच्या यंत्रातल्याच कंपनीचं कार्ड होतं, ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी सभेत ते त्याच कंपनीला सिग्नलवरून शिव्या देत होते.

"माहं कायले?"

"कारण माझ्या हातात मी काही लपवलं, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या कार्डाबद्दल नाही म्हणणार."

"द्या ना जी अध्यक्षबुवा," आजी म्हणाली, "का पाणी भरलं हाये का त्यात?"

काकांनी कार्ड काढून दिलं. मी ते यंत्रात घातलं, पेटी बंद केली, दुसऱ्याच्या फोनवरून सचिवांना सांगितलं की कपाटातला संगणक एकदा बंद करून चालू करा आणि पाटी वाचा. बराच वेळ काही झालं नाही. कोणी खोकलं. दादा पाळीच्या दगडावर बसला आणि गुडघा चोळत राहिला, जणू हे सगळं दुसऱ्या कोणाबद्दल चाललं होतं.

फोनमधून सचिवांचा आवाज आला. ते आधी दुसऱ्या पाटांचं वाचत होते, मग थांबले. "अध्यक्षसाहेब, तुम्ही तुडुम खोलला का?"

"काहून?"

"वरचा पाट: सोडला, असं लिवून आलं."

सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या. दार बंद. कोळ्याचं जाळं जसंच्या तसं. पाटात पानं.

मी म्हणाले, "काका, तुमचं पाणी सुटलं. जा, बांध्या भरल्या का पाहून या."

मग आजीच पहिली हसली, पाटाची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भरल्या जी, भरल्या! लवकर जा, बांध्यांचे धुरे फुटतीन!" तिच्या मागोमाग टोलीचे हसले, मग गावातलेही. कोळी तेवढा हलला नाही.

काका हसले नाहीत. पण त्यांनी कार्ड परत मागितलं नाही, बराच वेळ. शेवटी म्हणाले, "बरं. चावी घरी नेऊन दे त्याले."

"मी नाही घेत घरी," दादा दगडावरून म्हणाला. त्या सकाळी तो पहिल्यांदाच बोलला. "जेथी ठेवली तेथून घेईन. तेवढेच लोक पायजे."

तसंच झालं. संस्थेची खोली, तेच टेबल, तेवढीच माणसं, थोडी जास्तच. काकांनी चावी उचलून त्याच्या हातात दिली. दादाने ती कमरेला खोचली. चहा आला. वाडीवाल्यांनी दादाला आधी दिला. तो प्यायला, आणि दाखवण्यापुरताही थांबला नाही, टोलीच्या तुडुमाकडे गेला, पाणी पाटात कुठवर पोचलं ते पाहायला.

टोलीचा धान सगळा वाचला असं मी लिहिणार नाही. पाटाजवळच्या बांध्यांत दाणा भरला. शेवटच्या बांध्यांत पोचट निघालं. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा आजीने माझ्या ओंजळीत त्याची मूठ ओतली. तिचं वजन लागलं नाही. "नागपूरले नेजो," ती म्हणाली, "तुह्या साहेबाले दाखवजो. त्याले म्हणा, हे सोडलं तुम्ही."

मी नेली. साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं प्रसाद आहे.

प्रोग्राम मी दुरुस्त केला, आणि अर्धवट नाही. आता तो जोडणीला आधी विचारतो, तू डब्यासाठी मानलेली आहेस का. असेल तर तिच्या वाटेला जात नाही. नसेल तर दोन्ही प्रकारचे पत्ते विचारतो, आणि कोणता तरी एक असला तरी तिचं ऐकतो. दोन्ही नसले तर तिला गाळत नाही आणि मान टाकूनही पडत नाही. पाटीवर लिहितो: माहीत नाही.

साहेब या दोन शब्दांवर अडले. "ग्राहकाला माहीत नाही असं कधी दाखवतात का, मॅडम? पूर्वीसारखं 'बंद' दाखवा. नाहीतर काहीच दाखवू नका."

"काही न दाखवलं तर लोक आपल्या मनाने भरतात," मी म्हणाले. "एकदा भरलं आहे."

"हे शब्द राहणार नाहीत."

"राहतील."

एवढंच बोलले, पण या वेळी ते कमी नव्हतं. मला तलावांच्या कामावरून काढून वीजबिलांच्या प्रोग्रामवर बसवलं आहे. आसगावकडचं काम कंपनीला मिळालं, आणि तिथल्या पाट्यांवर माझे शब्द नाहीत, हे मला माहीत आहे. मी दर महिन्याला विचारते. ते दर महिन्याला वैतागतात. विचारत राहणार. आमच्या गावाच्या पाटीवरचे मात्र त्यांना काढता आले नाहीत. संस्थेने ठराव केला, आणि ठराव मांडला काकांनी.

टोलीकडचा सिग्नल अजून तसाच आहे. अधूनमधून पाटीवर तिसरी ओळ बदलते: टोलीचा पाट: माहीत नाही. मग दादा कमरेला चावी खोचतो आणि पाळीवरून निघतो, गुडघा धरत, मला शिव्या घालत. त्याच्या फेऱ्या वाचवायला मी पाटी आणली होती. त्या वाचल्या नाहीत. तो दिसला की टोलीवरून आधीच कोणीतरी ओरडतं, "माहीत नाही आलं वाटते, भाऊ येऊन राहिले!"

आणि तो तुडुमाजवळ पोचला की स्वतःच्या तोंडाने सांगतो, सोडला आहे की नाही.